चरा पडला तरी चालेल

मित्रांनो, मी आर्वीतली एक जुनी फियाट आहे, आणि दसरा जवळ आला की मला धडकी भरते. आमच्या घरची रीत अशी, की दसऱ्याला गाडी धुवायची, हळदकुंकू वाहायचं, चाकाखाली लिंबू ठेवायचं आणि वेशीबाहेर एक चक्कर मारून यायची. यंदा रजतने आधीच बजावलं होतं, "बाबा, चालू नाई झाली तं भंगारवाल्याले देऊन टाकू."

बाबा म्हणजे रजतचे वडील लक्ष्मणराव, निवृत्त मास्तर. त्यांनी मला घरी आणलं तेव्हा बघायला अख्खी आळी लोटली होती. पण लाडाचा अतिरेक झाला. मला गोधडीखाली झाकून ठेवत. लहानग्या रजतने बोनेटला नुसतं बोट लावलं तरी ते गरजत, "हात नको लावू, चरे पडतीन." तेव्हा मी सुखावायचे. पुढे रजतने माझ्याकडे बघणंच सोडलं. मग माझी कणव त्याला कुठून येणार?

आता लक्ष्मणरावांचे गुडघे गेले. दसऱ्याच्या सकाळी रजतची लेक यामिनी किल्ली घेऊन बसली; शेजारी लक्ष्मणराव, मागे रजत. ती सेवाग्रामला डॉक्टरकी शिकते, नव्या गाड्या झोकात चालवते. तिने ॲक्सिलरेटर दाबदाबून दाबला. मला ठसकाच लागला. पेट्रोलचा भपकारा सुटला, इंजिन काही सुरू होईना. भंगारवाल्याला फोन लावायला रजतने खिशातून मोबाइल काढला. माझा जीव टांगणीला लागला.

"आजोबा, बिघडली काय हो?"

"नाई. पेट्रोल जास्त झालं तिले. पाय काढ अन् थांब जरा."

ती थांबली. मग हलकेच किल्ली फिरवली, आणि मी खोकत खोकत सुरू झाले. पण फाटकातून निघताना माझी कूस खांबाला घासली, चांगला लांबलचक चरा पडला. आता जुनी गर्जना होणार, पोर किल्ली टाकून उतरणार, या धास्तीने मी थरथरत होते. लक्ष्मणरावांनी खिडकीतून वाकून चरा पाहिला आणि म्हणाले, "काई नाई होत. चाल पुढं."

वेस ओलांडली तेव्हा मागच्या सीटवरून रजतने विचारलं, "बाबा, वापस जाताना मी चालवू काय?"

पन्नाशीचा गडी, पण आवाज अगदी शाळकरी पोराचा. लक्ष्मणराव मागे वळून म्हणाले, "चालव ना."

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कोणी झाकून ठेवलेली असेल तर किल्ली मागा. आणि मोठ्यांनो, तुम्ही ती द्या, पोरं मागतायत तोवर.