भोंग्यावरची उधारी

शकूच्या हातगाडीवरचा भोंगा कासारवाडीतल्या बायकांना तोंडपाठ होता. "कांदा घ्याऽ, लसूण घ्याऽ, ए ताईऽ, गावरान लसूण आलाऽ!" त्यात भरून ठेवलेला आवाज शकूच्या नवऱ्याचा, गोरक्षचा. कंपनीत मशिनींच्या खडखडाटावर ओरडून ओरडून त्याचा गळा असा काही तयार झाला होता, की रेल्वेच्या रुळांपलीकडच्या बायकाही पिशव्या घेऊन बाहेर यायच्या. पण आवाज तेवढा त्याचा. गाडी ढकलायची शकूनं. का? तर "मी कंपनीतला माणूस हाय." कंपनीनं घरी बसवून पाच महिने झाले, तरी हा आपला कंपनीतलाच! सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते काय उगीच?

तसा माणूस वाईट नव्हता हो. लेक तनुजा कडेवर होती तेव्हा दोघं बीडकडच्या गावातून इकडं आले. निघोज्याच्या एका कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली गोरक्ष लागला, आणि ओव्हरटाइम करून करून त्यानं घर चालवलं. मग कंपनीच्या ऑर्डरी आटल्या. आधी ओव्हरटाइम गेला, मग रविवारची ड्युटी गेली, आणि एक दिवस ठेकेदार म्हणाला, "भावा, आठ दिवस घरी बस, मी फोन करतो." तो फोन काही आला नाही.

फोन आले ते दुसरेच.

गोरक्षनं कुणाला न सांगता मोबाइलवरून कर्ज घेतलं होतं. बँकेत जायला नको, जामीनदार नको, बसल्या जागी पैसे. ॲप जे जे विचारत गेलं त्याला हा "हो, हो" दाबत गेला आणि फोनमधले सगळे नंबर त्या लोकांना आंदण देऊन बसला. पहिलं फेडायला दुसरं काढलं, याची टोपी त्याच्या डोक्यावर. हातात पडले होते साडेआठ हजार, आता मागत होते चोवीस. शकूला हे कळलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारून घेतला. मग गाडी घेऊन बाहेर पडली, कारण लसूण काही कर्ज फिटायची वाट बघत थांबत नाही.

त्या दिवशी सकाळी ती रिकामं पोतं घ्यायला खोलीत आली तर कॉटवर बॅग भरलेली. गोरक्ष तनुजाची दहावीची पुस्तकं तिच्यात कोंबत होता.

"हे काय?"

"संध्याकाळी नाशिक फाट्यावरून गाडी हाय. गावाकडं जाऊ." तो तिच्याकडं न बघता बोलत होता. "रात्री फोन आलता. आज दुपारी बारापर्यंत पैसे भरले न्हाईत तर फोनमधल्या समद्यांना फोन लावणार हायत. माझ्या फोटोवर चोर लिहून पाठवणार हायत. घरमालकीण, दुकानदार, दादा, तनूच्या शाळेतल्या मॅडम! अगं, तोंड कुठं दाखवायचं?"

"आणि तनूची परीक्षा? मार्चमध्ये पेपर हायत तिचे."

"पुढल्या वर्षी देईल."

शकू रिकाम्या पोत्यावर बसली. पुढल्या वर्षी! गावात तिच्या थोरल्या बहिणीलाही असंच सांगितलं होतं, पुढल्या वर्षी दे म्हणून. ते वर्ष अजून उजाडायचंय. आतल्या कोपऱ्यात तनुजा वेणी घालत होती, ती घालायची थांबली. पोरीनं आदळआपट केली असती तर बरं वाटलं असतं, असं शकूला झालं. पण पोरगी नुसती वेणीचं टोक हातात धरून बापाकडं बघत राहिली, आणि ते शकूला बघवेना.

"दोन महिन्यांचं भाडं थकलंय त्याचं काय?" शकूनं विचारलं.

"गुपचूप जायचं."

म्हणजे आता खरोखरच चोर व्हायचं! शकूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उठली, तरातरा बाहेर गेली आणि गाडीवरचा भोंगा काढून हातात घेतला. भोंग्याला मागं एक लाल बटण होतं. ते दाबून धरून बोललं की जुनं पुसलं जायचं आणि नवं भरलं जायचं. गोरक्षचा आवाज पुसला जाणार, हे तिला कळत होतं. एक क्षण बोट अडलं. मग तिनं बटण दाबलं.

पाच मिनिटांनी सगळी गल्ली कान टवकारून उभी राहिली.

"कांदा घ्याऽ, लसूण घ्याऽ! आणि ऐका हो मायबाप! मी शकू, आणि माझा नवरा गोरक्ष. आमच्यावर कर्ज हाय. मोबाइलवरचं. घेतलंय ते खरं हाय. जेवढं हातात आलं तेवढं फेडणार, सावकाश फेडणार. आज दुपारी तुमाला फोन येतील, आमाला चोर म्हणतील. भिऊ नका. चोर पळून जातो. आमी इथंच हाव. कांदा घ्याऽ, लसूण घ्याऽ!"

आणि भोंगाच तो. एकदा बोलून गप्प बसेल तर शपथ. संपलं की पुन्हा पहिल्यापासून.

गोरक्ष दारात आला. चेहरा पांढराफटक. उंबऱ्याच्या बाहेर काही त्यानं पाऊल टाकलं नाही, आतूनच हात लांब करून शकूचा दंड धरला आणि तिला आत ओढलं. "वेड लागलं का तुला? अब्रू वेशीला टांगली माझी!"

"ते टांगणारच होते की बारा वाजता! मी आपल्या हातानं टांगली. आपण टांगलेली आपल्याला काढून तरी घेता येईल."

"लोक हसतील."

"हसू द्या. हसणाऱ्यांनी कवा आपल्या घरात पीठ आणून टाकलं का?" शकूचा आवाज आता भोंग्याहून मोठा झाला होता. "तुमी कर्ज काढलं म्हणून मी एका शब्दानं बोलले न्हाई. पोरीच्या तोंडाला घास लागावा म्हणूनच काढलंत, मला काय कळत न्हाई? पण आता तिचंच वर्ष बुडवून पळायचं म्हणता, ते मी होऊ देणार न्हाई. जायचं तर एकटे जा. बॅग भरलेलीच हाय."

तनुजानं दप्तर उचललं. "मॅडमना मीच सांगते, पप्पा," ती दारातून म्हणाली. "त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळू दे." आणि ती निघून गेली. शकूही परत गाडीकडं गेली. गोरक्षनं दार लोटून घेतलं आणि तो कॉटवर बसला, बॅगेच्या शेजारी.

बाहेर गल्लीचं म्हणाल तर सगळीच माणसं काही देवमाणसं नसतात. समोरच्या कौशल्याबाईंनी निवडायला घेतलेला लसूण परत गाडीत टाकला आणि "नंतर बघू" म्हणून दार लावून घेतलं. दोघीचौघी तोंडाला पदर लावून हसल्या. गावाकडून थोरल्या दिराचा फोन आला, त्याला कर्जवाल्यांनी बारा वाजायच्या आधीच गाठलं होतं. "घराण्याचं नाव घालवलंत," तो ओरडला. शकू म्हणाली, "भाऊजी, नाव गेलं तर परत मिळवता येतंय. लेकीचं वर्ष गेलं की गेलं." आणि फोन ठेवून दिला. मग तिनं हात कांद्याच्या ढिगात खुपसले.

पण तिला खरी भीती होती ती गोजाबाईंची. गोजाबाई म्हणजे घरमालकीण. कासारवाडी गाव होतं तेव्हापासूनचं त्यांचं घर. जमिनी गेल्या, तिथं खोल्या बांधल्या, आणि म्हातारी आता वरच्या गॅलरीत बसून साऱ्या गल्लीवर नजर ठेवायची. तिनं खोली सोडा म्हटलं असतं तर मग सगळंच संपलं.

"ए शके!" आलीच हाक. "बंद कर ते! माझ्या दारात उधारीची दवंडी पिटतीस व्हय गं?"

"आजी, तुमालाबी फोन येणार हाय. तुमचा नंबर हाय ह्यांच्या मोबाइलमधी."

"आन् माझं भाडं?"

"तुमचं पहिलं देणार. पळून जाणार न्हाई."

म्हातारीनं नाक मुरडलं आणि मान फिरवली. हो म्हणाली का नाही म्हणाली, काही कळलं नाही. शकूनं भोंगा बंद केला नाही. ती गाडी ढकलत गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली.

बारा वाजून गेले आणि गल्लीत फोन वाजायला लागले. आधी किराणावाल्या बन्सीशेठचा. तो दुकानाच्या पायरीवर येऊन फोनवर बोलला, "हो हो, माहीत आहे. सकाळीच जाहिरात ऐकली," आणि आत गेला. मग गोजाबाईंचा वाजला. म्हातारीला ऐकू कमी यायचं, म्हणून ती फोन कायम स्पीकरवर ठेवायची. त्यामुळं तिचे सगळे फोन गल्लीला फुकटात ऐकायला मिळायचे.

"हॅलो, गोरक्ष को पहचानते हो?" पलीकडचा गुरकावला.

"पैचानते म्हंजे? माझाच भाडेकरू हाय त्यो!"

"चोर है वो! पैसा लेके बैठा है! उसको बोलो पैसा भरने को, नहीं तो..."

"आरं, हे सकाळधरनं भोंग्यावर चाललंय. तू आत्ता सांगतुस व्हय? लई उशिरा उठतुस तू."

शकूनं गाडी जागेवर थांबवली. गल्लीतल्या बायका दारात आल्या. पलीकडचा माणूस जरा गडबडला, मग आणखी जोरात ओरडायला लागला. फोटो पाठवलाय, बघा, सगळ्यांना पाठवणार, तुम्हालाही त्रास होईल, असलं काहीबाही. गोजाबाईंनी फोन डोळ्यांजवळ नेला. गोरक्षचा मेहुण्याच्या लग्नातला फोटो होता तो, आणि खाली लाल अक्षरांत 'चोर'.

"फेटा झ्याक दिसतुया की त्येला," म्हातारी म्हणाली. "आता माझं ऐक. त्येच्याकडं माझं दोन म्हयन्यांचं भाडं हाय. बन्सीचं किराणा हाय. आमी आधीपास्नं हुबं हाव. तू आत्ता आलास, तवा मागं जाऊन हुबा ऱ्हा. रांगंत घुसायचं न्हाई! आन् पुन्यांदा माझ्या भाडेकरूला चोर म्हणालास तर तुला हितं येऊन सांगावं लागंल, समोर हुबं ऱ्हाऊन. पत्त्या लिवून घे, कासारवाडी..."

पलीकडून फोन कट झाला.

"ठिवला मुडद्यानं," गोजाबाई म्हणाल्या. "पत्त्या बी घेतला न्हाई."

मग जी हसली गल्ली! सकाळी पदराआड हसणाऱ्याही आता मोकळ्या गळ्यानं हसल्या. शकूला मात्र हसू येईना. तिला रडू आलं, भर रस्त्यात, कांदे न चिरताच. तिनं डोळेही पुसले नाहीत. लोटलेल्या दारामागं गोरक्षनं ऐकलं असेल का, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

संध्याकाळी तनुजा शाळेतून आली. "मॅडम म्हणाल्या, फोन आला होता, त्यांनी तो नंबर ब्लॉक केला. आणि सायबर पोलिसांत तक्रार कशी करायची ते सांगितलं," असं म्हणत ती आत शिरली. शकूही मागून गेली. गोरक्ष अजून कॉटवरच होता. बॅगही होती. नाशिक फाट्याच्या गाडीला अजून वेळ होता.

"तुझा आवाज पोचत न्हाई," गोरक्ष एकदम म्हणाला.

"काय?"

"भोंग्यावर. बारीक हाय तुझा आवाज. टोकाच्या बिल्डिंगीत काय ऐकू जातंय?" तो उठला. "आण इकडं."

शकूनं भोंगा दिला. त्यानं लाल बटण दाबलं. "कांदा घ्याऽ, लसूण घ्याऽ! मी गोरक्ष. कर्ज मी काढलंय. फेडणार मीच. चोर पळून..." तिथं त्याच्या हातून बटण सुटलं. तो बॅगेकडं बघत उभा राहिला. तनुजानं पुढं होऊन बॅग उघडली आणि एकेक पुस्तक काढून फळीवर लावायला लागली. तिनं गणिताचं पुस्तक लावलं. मग त्यानं पुन्हा बटण दाबलं, कांद्या-लसणापासून सगळं नव्यानं भरलं आणि शेवटी मशिनीवर ओरडावं तसा ओरडला, "चोर पळून जातो! आमी इथंच हाव!"

त्याच्या खिशातला फोन वाजायला लागला. त्यानं नंबर बघितला, फोन उचलला आणि भोंग्याचं तोंड फोनला लावून भोंगा चालू केला. पलीकडच्याला बिचाऱ्याला कांद्याचा लसणाचा सगळा हिशेब ऐकायला मिळाला. दुसऱ्यांदा "कांदा घ्याऽ" सुरू झालं तेव्हा त्यानंच फोन ठेवला.

मग गोरक्षनं उंबरा ओलांडला. पायात कंपनीचे सेफ्टी शूज होते, तेच घालून तो हातगाडीमागं उभा राहिला आणि गाडी ढकलायला लागला. शकू बाजूनं चालत होती. कौशल्याबाईंचं दार किलकिलं झालं. बन्सीशेठनं दुकानातून मान बाहेर काढली. गोरक्षची मान आधी खाली होती. बन्सीशेठच्या दुकानापाशी त्यानं ती वर केली.

"आरं गोरक्ष!" वरून गोजाबाईंची हाक आली. दोरीला बांधलेली पिशवी खाली सुटली. "किलोभर कांदं टाक हिच्यात. भाड्यात वळतं करून घे."

गोरक्षनं वर बघितलं. शकूचा जीव टांगणीला लागला, आता हा मान खाली घालून मुकाट्यानं कांदे भरणार.

"कांदा रोखीत, आजी!" तो भोंग्याशिवायच अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा बोलला. "भाड्याला रांग हाय. तुमी पहिल्या, पण रांग म्हणजे रांग!"

म्हातारी गॅलरीतून खाली वाकली. "मुडदा कुठला," ती म्हणाली, आणि कमरेची पिशवी सोडून पैसे काढायला लागली. आता मात्र शकूला हसू आवरेना. हसत हसतच तिनं तराजूत कांदे घातले, आणि एक कांदा वर जास्तीचा टाकला.