भगोन्याला पडलेलं भोक

मित्रांनो, मी एक जुना भगोना आहे. ॲल्युमिनियमचा, आमच्याकडे त्याला जर्मनचा म्हणतात. कन्नड गावच्या बाजारात भागूबाईंनी मला वाजवून, पारखून घेतलं. चाळीस वर्षं त्यांच्या चुलीवर मी अख्खी ज्वारी, गहू, हुलगे शिजवले. माझ्यात धान्य बुडाला लागत नाही, असं त्या चारचौघींत सांगायच्या आणि मी फुगायचो. मग घरात कुकर आला. मी माळ्यावर धूळ खात पडलो.

त्यांचा मुलगा गोकुळ शहरात राहतो. त्याची साखर वाढली, तेव्हा सून श्रेयाने मला संभाजीनगरला नेलं. अख्खी ज्वारी रात्रभर भिजवून ती माझ्यात मंद आचेवर शिजवू लागली. मला पुन्हा चांगले दिवस आले.

एका सकाळी तिने गोकुळने गावाहून आणलेली नवी ज्वारी घातली. पाणी गुलाबी झालं. तीनदा धुऊनही रंग जाईना. "लाल ज्वारी असंल," ती म्हणाली. शिजणाऱ्या ज्वारीचा गोडसर वास मला पाठ आहे. त्या दिवशी शेतात औषध फवारायच्या पंपासारखा उग्र दर्प आला. श्रेयाला सर्दी झाली होती. आणि तिची चार वर्षांची लेक मोनिका ताटली घेऊन बसली होती. मला फार भीती वाटली.

मला बोलता येत नाही. मला एकच येतं, उतू जाणं. मी उतू गेलो. श्रेयाने ओटा पुसला, गॅस पुन्हा पेटवला, पण पांढऱ्या फरशीवर गुलाबी डाग राहिला. तासाभराने तिने मोनिकाला ज्वारी वाढली. पोर चमच्यावर फुंकर घालू लागली.

तेवढ्यात एसटीने आलेल्या भागूबाई दारातून आत आल्या. त्यांची नजर डागावर गेली.

"हे कशाचं गं?"

"ज्वारीचं, आई. दोरी बांधलेल्या पिशवीतली."

भागूबाईंनी मोनिकाच्या हातातला चमचा हिसकावला. "ती पेरून उरलेली हाय! किडीचं विषारी औषध चोळलंय तिला. खाल्ली का पोरीनं?"

"नाय. गरम होती."

भागूबाईंनी ताटलीही उचलून घेतली. "चूक माझीच. चिठ्ठी लावली नाय मी. गोकुळनं खायची म्हणून उचलली."

भागूबाईंनी ती ज्वारी खोल खड्डा करून पुरली. मग त्यांनी मला मांडीवर घेतलं आणि माझ्यात पुन्हा कुणी काही शिजवू नये म्हणून खिळा ठोकून माझ्या बुडाला भोक पाडलं. "लई जेवू घातलंस बाबा," त्या म्हणाल्या.

आता मी गॅलरीत आहे, माझ्यात सदाफुली आहे. मित्रांनो, बियाण्याच्या पिशवीवर नाव लिहा, ती खाण्याच्या धान्यापासून लांब ठेवा. मोनिका रोज मला पाणी घालते. ते भोकातून गळून जातं, आणि माझा जीव भांड्यात पडतो.