देवी ओसरल्यावर

रामरावांच्या सुनेला पहाटेपासून कळा येत होत्या आणि सुईण द्वारकाबाई त्यांच्या उंबऱ्याबाहेर उभी होती. रामरावांची बायको पुष्पाबाई दार अडवून म्हणाली, “तू आत येऊ नको. सगुणाबाईला बोलवलंय.”

“सगुणानं दोन बाळंतपणं बी केली न्हाईत, वैनी.”

“तुझे हात देवीचे हायत. आन् मुडद्यांचे.”

धावड्याचं निम्मं गाव त्या हातांवर जन्मलं होतं. फाल्गुनात देवीची साथ आली, तेव्हाही लोक तिच्याच दारात आले. लहानपणी तिला देवी येऊन गेल्या होत्या. तोंडभर वण होते, त्यामुळं तिला पुन्हा भय नव्हतं. आईबाप लेकरांना शिवायला भीत, तिथं ती कडुनिंबाच्या पाल्यावर निजलेल्या पोरांच्या तोंडात चमच्यानं पाणी सोडी, फुटलेले फोड पुशी. मेलेल्यांना उचलायलाही तीच. तालुक्याहून देवी टोचणारा आला तो वैशाखात, सव्वीस माणसं गेल्यावर.

पुष्पाबाईचा नातू, याच सुनेचा थोरला, अकरा दिवस द्वारकाबाईच्या मांडीवर होता. तिची स्वतःची लेक तारा तेव्हा घरी तापानं फणफणत होती. द्वारकाबाई दोनदा घरी जायला उठली. दोनदा पुष्पाबाईनं पाय धरून तिला बसवलं. नातू वाचला. तारानं घरात एकटीनंच प्राण सोडला.

आता दार अडवलं तरी द्वारकाबाई परत फिरली नाही. भिंतीला टेकून बसून राहिली. दुपारी सगुणाबाई घामाघूम होऊन बाहेर आली आणि बाळाचा पाय आधी आल्याचं हळूच बोलली.

द्वारकाबाई उठली. “वढू नको. खांदे आपसूक सुटू दे. वैनी, मला घटकाभर आत जाऊ दे. राखेनं हात धुते.”

पुष्पाबाईनं सगुणाला आत घेतलं आणि कडी लावली.

उन्हं कलल्यावर दार उघडलं. सून जगली होती. बाळ गेलं होतं. सगुणाबाईनं घाबरून ओढलं होतं, आणि मेलेल्याला शिवायचं नाही म्हणून ती मागच्या दारानं निघून गेली होती.

पुष्पाबाई खाली बघत म्हणाली, “ये आता. पोराला धुवून द्यायला कुणी न्हाई.”

द्वारकाबाईनं पदर खोचला. मग आत गेली. न्हाणीत घंगाळभर कढत पाणी होतं. तिनं त्यात कोपर बुडवून पाहिलं, तांब्याभर गार पाणी ओतलं, पुन्हा पाहिलं, आणि बाळाच्या मानेखाली हात दिला.