आप्पांच्या डबीतली ताकद

१९८८ साली एका परदेशी धावपटूचं सुवर्णपदक ताकदीचं औषध घेतल्यापायी काढून घेतलं, तेव्हा सगळं जग त्याला शिव्या घालत होतं. मी मात्र पेपर बाजूला ठेवून म्हणालो, "अच्छा! म्हणजे आपल्याला एवढंच कमी पडतंय."

मी कबड्डीत चढाई करायचो. आमच्या मंडळातला धाकू माझ्यापेक्षा सरस आहे, हे मला मान्य नव्हतं. फक्त मंडळाला, गावाला आणि माझ्या आईला मान्य होतं. जिल्ह्याच्या संघात आमच्यातला एकच जाणार होता. तिथे नाव लागलं की मुंबईच्या कंपनीत नोकरी, नाहीतर आप्पाकाकांसारखं बोटीवर खलाशी. आणि मला तर भाट्याच्या खाडीत होडीत बसलं तरी ओकारी यायची. तेव्हा मी मनाशी ठरवून टाकलं, की धाकू नक्की काहीतरी घेतो. एकदा असं ठरवलं की आपण घेण्यात काही पाप उरत नाही.

आप्पा सुट्टीवर आले होते. तसल्या परदेशी गोळ्यांसाठी मी त्यांना इतकं पिडलं, की शेवटी त्यांनी इंग्रजी अक्षरांची एक पत्र्याची डबी माझ्या हातावर ठेवली.

"खेळाच्या आधी एकच. पाण्याबरोबर गिळायची. मेल्या, चघळू नको हां, जीभ जळंल. नि कुणाला बोलू नको."

पहिल्याच गोळीने अंगात वारं शिरलं. मिरजोळ्याच्या सामन्यात तिघांना ओढत मध्यरेषेवर आलो. आरशात दंड बघून मला माझीच भीती वाटायला लागली. लघवी तपासतील या धास्तीने मी दिवसभर शहाळी पीत होतो. तपासणार कोण? आमच्याकडे पंचाची शिट्टीसुद्धा उसनी आणलेली होती.

निवड चाचणीसाठी शेवटची गोळी राखून ठेवली होती. मैदानामागे जाऊन डबी उघडली, तर आत लाल मुंग्या. गोळी अर्धीच उरली होती. मुंग्या झटकून ती जिभेवर ठेवली. निव्वळ साखर!

शहाण्या माणसाला इथे हुरूप आला असता. मिरजोळ्याला मी माझ्याच ताकदीवर खेळलो होतो, हे मुंग्यांनी सिद्ध केलं होतं. माझं मात्र उलटंच झालं. इतके दिवस डबीवर टाकलेला भार एकदम माझ्यावर आला, आणि माझ्यावर माझा कधीच भरवसा नव्हता. चाचणीसाठी आमचेच दोन संघ पाडले होते, आणि धाकू समोरच्या बाजूला होता. पहिल्याच चढाईत त्याने माझा घोटा धरला. त्या पकडीतून सुटायचं कसं, ते मला येत होतं. मी धडपडलोच नाही.

धाकूचं नाव लागलं. संध्याकाळी आप्पा पडवीत बसले होते.

"गोळी घेतलंस ना?"

"मुंग्यांनी घेतली."

आप्पांना हसू आवरेना. मग माझं तोंड बघून म्हणाले, "अरे मेल्या, होमिओपॅथीवाल्याकडची साखर ती. मिरजोळ्यात खेळलंस तो तूच."

मला रडूच फुटलं. नाक पुसून मी म्हणालो, "कळलं, आप्पा. साखर तर साखर. अजून एक डबी आहे का?"