सपाट न बसणारा रुमाल

क्रोशाच्या रुमालाच्या दहा फेऱ्या झाल्या होत्या. पहिल्या फेरीत सहा टाके, शेवटच्या फेरीत दोनशे अकरा. कोथरूडच्या गॅलरीत प्रेमलाबाई तो उसवायला बसल्या होत्या. आजारपणानंतरचं त्यांचं हे पहिलंच विणकाम.

"दर दोन टाक्यांमागे एक वाढवत गेले गं. हात विसरलेच."

"आई, थांब!" निशा म्हणाली. गणिताच्या एमएस्सीच्या वर्गात तिला कधीच न दिसलेली वक्र जागा आईच्या मांडीवर पसरली होती, लाटेच्या काठावर धाकटी लाट. तिचं बोट काठावरून चालतच राहिलं. "दहा फेऱ्या म्हणजे मध्यापासून दहाएक सेंटिमीटर. सपाट असता तर काठ त्रेसष्ट सेंटिमीटर भरला असता."

"पुरे कौतुक. टेपचं टोक धर."

मध्यापासून काठ दहा सेंटिमीटर. काठाचा घेर एकशे अठ्ठेचाळीस.