भाड्याचा झगा

दिमियाना नवरी होऊन चर्चच्या दारात उभी राहिली आणि मी बाकावरून पुढे वाकले. तिच्या अंगावरचा झगा माझा होता. सहा वर्षांपूर्वी ह्याच दारातून मी तो घालून आत आले होते. बाह्यांवर गव्हाच्या ओंब्या, त्यातला एकेक मणी आईने हिवाळाभर डोळे फोडून ओवलेला. आमच्या अख्ख्या मल्लवी गावात असा दुसरा झगा नाही, असं आई भेटेल त्याला ऐकवत आली होती.

मी काही बोलायच्या आत शेजारी बसलेल्या आईने माझ्या मांडीला चिमटा काढला.

"गप्प बस," ती कुजबुजली. हे मला होतं की स्वतःला, देव जाणे. आमच्या आईच्या तोंडात तीळ भिजत नाही.

झगा तिनेच दिला होता, ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासात, मला विचारून. मी हो म्हटलं खरं, पण कपाट रिकामं झाल्यावर दोन दिवस धड जेवले नाही. गरीब मुलींच्या लग्नासाठी चर्चच्या एका खोलीत सामान जमतं. गरीब असं आम्ही म्हणत नाही, प्रभूचे भाऊबंद म्हणतो. आमचे पाद्री, अबूना ताद्रोस, स्वतः आपल्या गाडीतून सामान पोचवतात. घेणाऱ्याला कळत नाही कोणी दिलं, देणाऱ्याला कळत नाही कुठे गेलं. झगा घेताना अबूनांनी आईला माझ्या भावाच्या नावाने हाक मारून बजावलं होतं, "मीलादच्या आई, उजव्या हाताने दिलंस ते डाव्याला कळू देऊ नकोस. आणि जिभेला तर मुळीच नको."

झगा लांबच्या गावी पाठवायचा असं ठरलं होतं. पण अबूनांना झगा म्हणजे झगा, पांढरा दिसला की झालं. तो गेला आमच्याच गावाबाहेरच्या अझीझा मावशीच्या घरी. विधवा बाई, चीज विकून ही दिमियाना वाढवलेली. आमच्या घरात तिचं पाऊल कधी पडलं नव्हतं, त्यामुळे बैठकीतला माझा लग्नाचा फोटो तिने पाहिला नव्हता. तो फोटो पाहूनच तर बायका आईकडे शिवायला टाकायच्या.

लग्न लागलं. वरच्या हॉलमध्ये शरबत फिरायला लागलं, पण आई काही एका जागी बसेना.

"कमरेत टाचण्या मारल्यात गं. टाचण्या! मला बोलावलं असतं तर दोन टाके घातले नसते का?"

"आई, बस."

"बसलेच आहे की," म्हणाली आणि उठली.

बायका झग्याचं कौतुक करत होत्या. अझीझा मावशी शरबताचा ट्रे घेऊन फिरता फिरता सांगत होती, "माझ्या भावाने पाठवलाय, कुवेतहून." तिला भाऊ नव्हता, हे तिला माहीत होतं आणि मल्लवीतल्या निम्म्या लोकांनाही. आईचं तोंड उघडलं आणि मिटलं.

"कुवेत," ती माझ्या कानात फुसफुसली. "कुवेतच्या बायांनी अशी एक ओंबी काढून दाखवावी."

मी तिचा हात घट्ट धरून ठेवला. घरी कधी जातोय असं मला झालं होतं.

तेवढ्यात नवऱ्या मुलाची इस्तेर आत्या आमच्या टेबलाशी आली. ह्या बाईच्या नजरेतून सुई सुटत नाही. मागच्या वर्षी माप द्यायला आली तेव्हा माझ्या फोटोसमोर कितीतरी वेळ उभी होती.

"मीलादच्या आई, हा तर तुझ्या इरिनीचा झगा."

टेबलावरच्या सगळ्या माना आईकडे वळल्या. माझ्या सासूबाई तिथेच होत्या. दोन पावलांवर अझीझा मावशी ट्रे घेऊन थिजली. इस्तेर आत्याला एकदा कळलं की संपलं. दुसरीच्या अंगावरून उतरलेल्या कपड्यात आली, असं दिमियानाला नातवंडं होईपर्यंत ऐकावं लागलं असतं.

आईने माझा हात सोडवला. मला वाटलं, आता सांगते.

"आमचा कुठला?" आई म्हणाली. "तो मिन्या शहरातल्या दुकानातून भाड्याने आणलेला. असे पन्नास असतील त्यांच्याकडे. कुवेतहूनच येतो तो माल."

"अगं, पण तू तर सांगायचीस, स्वतः शिवला म्हणून."

"सांगायचे. शिवणारणीने स्वतःच्या लेकीला भाड्याचा झगा घातला म्हटलं, तर गिऱ्हाईक दारात उभं राहील का?"

बायका हसल्या. आईही हसली, सगळ्यांपेक्षा मोठ्याने.

"बडा घर पोकळ वासा," इस्तेर आत्या समाधानाने म्हणाली. "आणि मी हिच्याकडे रेशीम टाकणार होते."

सासूबाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, "सूनबाई, खरं का हे? मी सहा वर्षं सगळ्यांना सांगत फिरते."

मला आईचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. तो हिवाळा मी पाहिला होता. दिवे गेले की ती मेणबत्तीशी बसायची, बोटांना चिंध्या बांधून. दान झग्याचं ठरलं होतं, ह्याचं नाही.

आई माझ्याकडे बघत होती.

"हो," मी म्हटलं. "भाड्याचाच."

अझीझा मावशीने ट्रे टेबलावर ठेवला. ती आईकडे बघत राहिली आणि आई मुद्दाम दुसरीकडे.

मग नवरी सगळ्यांना भेटत भेटत आमच्याकडे आली. आईने तिचा चेहरा दोन्ही हातांत घेतला, कपाळाचं चुंबन घेतलं, सुखी राहा म्हणाली. झग्याला तिने बोट लावलं नाही.

आम्ही लवकर निघालो. जिन्यात कोणी नव्हतं. अर्ध्या जिन्यावर आई थांबली आणि कठड्याला धरून पायरीवर बसली.

"मी शिवला होता गं तो," ती म्हणाली. "मी शिवला होता."

मी तिच्या शेजारी बसले. वरून कोणीतरी उतरत होतं, तेव्हा तिने तोंड पुसलं आणि आम्ही उठलो.