मोकळा चॅनल

"काकी, जुन्या सेटवर आता नाही सापडायचे लहूकाका," श्रुतिका हसत म्हणाली. तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली मला.

कॉलेजची पोरगी. मनोरीच्या आमच्या मच्छीमार सोसायटीत तिने नव्या जातीचे दोन वायरलेस आणले होते, तपासून बघायला. एक माझ्या नवऱ्याच्या, लहूच्या बोटीवर बसवला. दुसरा सोसायटीच्या ऑफिसात, चेतनाच्या टेबलावर. चेतना तिथली क्लार्क. तिशीची, नवरा वारलेला, आणि दिसायला झकास.

"हा सेट आधी ऐकतो, काकी. कुठला चॅनल रिकामा आहे ते शोधतो आणि तिथं जाऊन बोलतो. त्या चॅनलचा मालक आला की मुकाट उठून दुसरीकडे. किनाऱ्याजवळ असेल तर मोबाइलचा टॉवरच धरतो."

"आणि कुठं गेला ते आम्हाला कसं कळायचं?"

"नाहीच कळत. फक्त जोडीच्या सेटला कळतं. म्हणून तर गोंधळ नाही ना!"

घ्या! इतकी वर्षं सगळ्या बोटी एकाच चॅनलवर बोलायच्या. आम्ही बायका घरच्या सेटला कान लावून सुकट निवडायचो. कोण कोणाशी काय बोललं ते अख्ख्या गावाला ठाऊक. लहूचं माझ्याशी बोलणं एवढंच : "जाळं फाटलं. डिझेल सांग. ठेवतो." आता तेवढंही बंद. आणि तिकडे चेतना हेडफोन लावून खुदुखुदु हसते, असं शेजारच्या समीक्षानं मला बाजारात सांगितलं. जळले मी. खोटं कशाला बोलू?

चेतनाला झापायचं ठरवूनच तडक ऑफिसात गेले. मला बघून ती उलट खूश झाली.

"बरं झालं आलीस सगुणाताई! बर्फाची गाडी आलीय, मी बघून येते. तू बस, हेडफोन लाव. लहूदादा बोलतील एवढ्यात."

आणि गेलीसुद्धा. मनात पाप असतं तर अशी गेली असती का? पण माझा राग काही ऐकेना. हेडफोन कानाला लावला.

"चेतना, ऐक गो." लहूचा आवाज इतका जवळून आला की मी दचकून मागे बघितलं. "आज पाणी असं निवळ होतं, जाळं टाकायचं सोडून बघतच बसलो. पोरं हसली मला. आणि काल सपनात बाप आला. बोलला, लहू, हात लई दुखतात काय रे? रडलो गो मी. कोणाला सांगू?"

कोणाला सांगू? अरे, मी काय मेले होते? घरात हा माणूस बापाबद्दल कधी चकार शब्द बोलला नाही. भानगड असती तर परवडली असती. दोघांना धरून चोपलं असतं, गाव गोळा केलं असतं. पण यात मी भांडायचं कोणाशी?

सेटच्या बोलायच्या बटणावर बोट ठेवलं. 'मी सगुणा' एवढं म्हणायचा अवकाश, गडी लगेच डिझेलवर आला असता.

"चेतना? आहेस ना?"

मी बटण दाबलं आणि आवाज तिच्यासारखा बारीक केला.

"आहे, दादा," मी माझ्या नवऱ्याला म्हणाले. "बोला."